परगावी असताना घरचे दफ्तर

माणूस परगावी निघाला म्हणजे त्याच्या घरच्या संगणकाचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याचा सारा पत्रव्यवहार, हिशेब, खरेदीखतांच्या नकला आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची टिपणे त्या एका पेटीत साठलेली आहेत, त्याच्या दृष्टीने तो घराच्या बंदोबस्ताइतकाच गंभीर होतो. पेटी बंद करून जावे, तर ऐन गरजेच्या वेळी आपलेच कागद आपणांस दुर्लभ; चालू ठेवून दुरून वापरण्याची सोय करावी, तर जी वाट आपणांसाठी केली तिनेच परका आत शिरण्याचे भय. या विषयावर माझ्या परिचयाच्या एका मामा-भाचीत जो वाद कित्येक संध्याकाळी चालला आणि ज्याचा मी बहुतांशी मूक साक्षीदार होतो, तो येथे नोंदवावासा वाटतो; कारण दोघेही आपापल्या क्षेत्रातले जाणते आहेत, आणि अशा विषयात जाणत्यांचा मतभेद ऐकून जितके कळते तितके एकट्याच्या उपदेशाने कळत नाही.

मामांची हयात मोडी कागदांत गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून, वाचून, पुन्हा बांधून ठेवण्यात ज्यांची दृष्टी झिजली अशा मोजक्या मंडळींपैकी ते एक. या वेळी त्यांना तंजावरास जायचे होते; तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या दरबारची मोडी कागदपत्रे आहेत, आणि त्यांतील काही नावांचा पुण्याच्या कागदांशी मेळ घालण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. मेळ घालायचा तो घरच्या संगणकात असलेल्या सूचीशी. पुण्याच्या कागदांची दोन टेराबाइट भरतील इतकी छायाचित्रे तीत जोडलेली, आणि एक होतकरू विद्यार्थी रोज दुपारी घरी येऊन नव्या लिप्यंतरांची भर तीत घालीत असे. भाची एका संशोधन संस्थेत सर्व्हरांची व्यवस्था पाहते. दूर बसून यंत्रे चालवणे हा तिचा रोजचा व्यवसाय. मामांना मात्र दूर बसून काही चालवता येते याचाच मुळी वहीम.

मामांनी आपला पक्ष प्रथमच स्पष्ट मांडला. ते म्हणाले, "पोरी, जे यंत्र बंद आहे आणि ज्याची तारही काढून ठेवली आहे, त्यावर जगातला कोणताही इसम दुरून हात टाकू शकत नाही, हे तुला कबूल आहे ना? मग इतका निर्वेध उपाय हाताशी असताना यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचे, ते साऱ्या जगाशी जोडायचे, आणि वर त्याच्या रक्षणाची यातायात करायची, ही तसदी कशासाठी? लागतील ते कागद मी एका डिस्कवर उतरवून बरोबर नेईन. या दूरनियंत्रणाच्या ॲपांनी काय अनर्थ केले ते तू माझ्याहून अधिक जाणतेस. बँकेतून बोलतो म्हणून कोणी फोन करतो, समोरच्या भाबड्या माणसाला एक ॲप घ्यायला लावतो, पडद्यावर उमटलेला नऊ आकडी संकेतांक विचारून घेतो, आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचे खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेला २०१९ च्या फेब्रुवारीत अशा एका ॲपविषयी बँकांना सावध करावे लागले, ते काय उगीच?"

भाची म्हणाली, "ते उगीच नव्हते. पण त्या प्रत्येक प्रकरणात परवाना घरधन्याने स्वतः दिलेला असतो, आणि तोही ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाला. त्याला उपाय एकच, की फोनवरून कोणी काहीही सांगितले तरी आपल्या यंत्रात परक्याला घ्यायचे नाही. आणि तो उपाय यंत्र बंद ठेवणाऱ्यालाही पाळावाच लागतो, कारण खाते रिकामे होते ते खिशातल्या फोनमधून. आता तुमची डिस्क. ती पुण्याहून चेन्नईला, तेथून तंजावरला, मग रोज खोलीवरून ग्रंथालयात आणि परत, अशी फिरणार. ती कूटबद्ध केलीत तर चोराला तीतले काही वाचता येणार नाही, इतके मी मान्य करते. तशी एक डिस्क तुम्ही न्यावीच. परंतु ती निघाल्या दिवशीची नक्कल. तुमचा विद्यार्थी रोज सूचीत जी भर घालील ती तिच्यात कोठून येणार? आणि तुम्ही तंजावरात केलेली टिपणे घरी परतेपर्यंत त्या एकाच डिस्कवर राहणार. एकच प्रत असलेल्या कागदाचे पुढे काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको."

या शेवटच्या वाक्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. वाळवीने खाल्लेल्या, पावसात भिजलेल्या, कोणा वारसाने रद्दीत काढलेल्या कागदांविषयी त्यांच्याइतके हळहळणारे माणूस माझ्या पाहण्यात नाही; आणि मला वाटते, दुरून संगणक वापरण्याची गरज त्यांनी मनातून मान्य केली ती याच क्षणी. यापुढचा त्यांचा विरोध गरजेला नव्हता, रीतीला होता. म्हणूनच तो अधिक मोलाचा ठरला.

"ठीक आहे," ते म्हणाले, "म्हणजे राउटरवर एक पोर्ट उघडायचे, आणि त्यातून दूरच्या पडद्यावर घरचा पडदा आणायचा. आमच्या ओळखीत पुष्कळांनी तसे केले आहे. ते म्हणतात, आमच्या घराचा पत्ता कोणाला ठाऊक आहे?"

"तसे मुळीच करायचे नाही," भाची जरा तीव्रतेने म्हणाली. "इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ही संख्या माणसाला प्रचंड वाटते, यंत्राला वाटत नाही. २०१३ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन केले, आणि एका चांगल्या यंत्रावरून एखादे पोर्ट कोठे कोठे उघडे आहे हे साऱ्या इंटरनेटभर पाऊण तासाच्या आत तपासून दाखवले. म्हणजे तुमचा पत्ता कोणाला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. जो सगळीच दारे ठोठावतो तो तुमचेही ठोठावतो. विंडोजचा पडदा दुरून दाखवणारी सोय सामान्यतः ३३८९ क्रमांकाच्या पोर्टावर असते. तिच्यात २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचे असे व्यंग उघडकीस आले, की पासवर्ड ठाऊक नसतानाही परक्याला यंत्राचा ताबा घेता यावा. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीलासुद्धा दुरुस्ती द्यावी लागली. कोणी म्हणतात, पोर्टाचा क्रमांक बदलला की झाले. त्याने दाराशी होणारा गोंगाट कमी होईल, दार मजबूत होणार नाही. कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी किल्लीवाचून तिचा त्याला उपयोग होऊ नये, हे कूटशास्त्रज्ञ केर्कहॉफ्सने १८८३ सालीच लिहून ठेवले आहे. लपवण्यावर भिस्त ठेवणारी सारी व्यवस्था त्या कसोटीला उतरत नाही."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच तू म्हणतेस. वाट करूच नये."

"उघडी वाट करू नये. पण मामा, यंत्र बंद केले म्हणजे घराचा बंदोबस्त झाला, हेही खरे नाही. १६७० साली सिंहगड पडला तो कोणत्या बाजूने, हे तुम्हांला ठाऊक आहे. आपण ती हकीकत नेहमी मावळ्यांच्या बाजूने सांगतो. एकदा किल्लेदाराच्या बाजूने पाहा. त्याने दरवाजांवर पहारे ठेवले असतील, पण जो कडा चढून कोणी येणार नाही अशी त्याची खातरजमा होती, त्याच कड्याने दोर चढले. तुमच्या घरचा कडा म्हणजे हा राउटर. बसवून गेल्या दिवसापासून याचा पासवर्ड बदललेला नाही, आतल्या कोणत्याही उपकरणाला आपणहून पोर्ट उघडू देणारी यूपीएनपीची मुभा चालू आहे, आणि जिन्यावरच्या कॅमेऱ्याने ती मुभा वापरलेली आहे. २०१६ साली मिराई या नावाने जो उत्पात झाला, त्यात कारखान्यातून आलेल्या साठ-बासष्ट पासवर्डांची यादी घेऊन लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले गेले. तुम्ही संगणकाची तार काढून तंजावरला जाल, आणि राउटर व कॅमेरा येथे जागेच राहतील."

त्या संध्याकाळी दुसरे काही झाले नाही. राउटरचा पासवर्ड बदलला, त्याची अंतर्गत प्रणाली अद्ययावत केली, यूपीएनपी बंद केले. दूरस्थ प्रवेशाविषयी एक अक्षर बोलण्यापूर्वी हे काम प्रत्येक घरात व्हावे असे माझे ठाम मत आहे, आणि ज्यांना परगावी कधी जायचेच नाही त्यांच्याही घरात व्हावे.

पुढे एसएसएचचा विषय निघाला. पूर्वी दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी टेलनेट वापरीत आणि त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जाई, हे भाचीने सांगितले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी असे जाणारे पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघड झाले, तेव्हा तातू इलोनेन या तेथील संशोधकाने सारे संभाषण कूटबद्ध करणारी ही नवी रीत निर्माण केली. फायली पाठवण्याच्या एफटीपीचे पोर्ट २१ आणि टेलनेटचे २३, म्हणून मधले मोकळे असलेले २२ त्याने रीतसर मागून घेतले. तीत पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. खासगी किल्ली तुमच्या लॅपटॉपमधून कधीच बाहेर पडत नाही. तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली घरच्या यंत्रात नोंदवलेली असते. आणि प्रवेशाच्या वेळी लॅपटॉप आपल्या किल्लीने एक सही करून देतो, तिची रुजुवात घरचे यंत्र करते. पासवर्डाने येण्याची मुभाच रद्द केली, की तर्काने पासवर्ड लावून पाहणाऱ्यांचा साराच व्यापार व्यर्थ.

मामांनी हे लक्षपूर्वक ऐकले आणि मग विचारले, "हे कुलूप ज्याने बनवले त्याच्यावर, आणि त्यानंतर ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला त्या सर्वांवर इतबार ठेवायचा ना?"

हा प्रश्न साधा नव्हता, आणि भाचीने तो टाळला नाही. तिने २०२४ च्या मार्च महिन्यातली हकीकत सांगितली. एक्सझेड नावाचे, फायली आवळून लहान करण्याचे एक साधे साधन आहे. जिया तान असे नाव धारण केलेल्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ चिकाटीने, गोड बोलून, उपयुक्त कामे करून देऊन त्याच्या मूळ कर्त्याचा विश्वास संपादन केला, व्यवस्था पाहण्याचा अधिकार मिळवला, आणि त्यात अशी गुप्त भर घातली की काही लिनक्स यंत्रांवर तिच्या योगे एसएसएचच्या दारातून खास किल्लीवाल्याला आत घेता यावे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक अभियंता दुसऱ्याच कामासाठी मोजमापे घेत असता त्याला आढळले, की एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग सोडला नाही. शोधत शोधत तो त्या गुप्त भरीपर्यंत पोहोचला, आणि ती जगभरच्या यंत्रांत सर्वत्र पसरण्यापूर्वीच २९ मार्चला त्याने ती जाहीर केली.

मामांचा चेहरा ही हकीकत ऐकताना उजळला. बनावट सनदेतले एखादे वळण त्या काळच्या कारकुनाचे नाही, एवढ्यावरून सबंध सनद बनावट ठरवण्याचे काम त्यांनी स्वतः केलेले आहे. अर्ध्या सेकंदाची किंमत त्यांना कळली. "परंतु तो माणूस नसता तर?" ते म्हणाले. "एका माणसाच्या सावधपणावर साऱ्या जगाचे रक्षण झाले, हे तू माझ्या बाजूनेच सांगते आहेस."

"काही अंशी, हो," ती म्हणाली. "म्हणूनच एका कुलपावर भिस्त ठेवायची नाही. एसएसएचचे पोर्टसुद्धा बाहेरून दिसता कामा नये. त्याच्यापुढे, दोन यंत्रांत कूटबद्ध वाट बांधणाऱ्या वायरगार्डचा पडकोट हवा. २०२० च्या मार्चमध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला, आणि तेव्हा त्याचे लेखन सुमारे चार हजार ओळींत मावत होते. एका जाणत्या माणसाने बसून सबंध वाचावे इतके. त्याचा मोठा गुण असा, की ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. नकारही देत नाही. ठोठावणाऱ्याला आत कोणी आहे की नाही हेच कळत नाही. त्याच्या आत एसएसएच, आणि त्याच्याही आत तुमचे कागद. एकात व्यंग निघाले, तरी ते दुरुस्त होईपर्यंत दुसरे उभे आहे."

येथे एक अडचण निघाली, आणि तिच्यावरून खरा खटका उडाला. भाचीने राउटरचे पान उघडले तेव्हा त्याचा बाहेरचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता, आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान होता. पत्ते अपुरे पडल्याने पुष्कळ सेवादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, आणि त्यांच्या आतल्या वाटणीसाठी हा पट्टा २०१२ साली मुक्रर झाला. आपल्या देशात ही वहिवाट फार रूढ आहे. अशा घराचे पोर्ट उघडायचे म्हटले तरी बाहेरून उघडत नाही. मामांना हे ऐकून समाधानच वाटले. भाची मात्र म्हणाली, की यावर तीन वाटा आहेत: सेवादाराला जादा पैसे देऊन कायमचा स्वतंत्र पत्ता घ्यावा, किंवा एखादा लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन घरचे यंत्र आणि लॅपटॉप या दोघांनी आतून बाहेर जाऊन तेथे भेटावे, किंवा टेलस्केलसारख्या सेवेने, जी पायाला वायरगार्डच वापरते, दोन्ही यंत्रांची गाठ घालून द्यावी. तिचा कल तिसऱ्या वाटेकडे होता.

"हा मध्यस्थ कोण?" मामांनी विचारले. "त्याच्या हाती माझे कागद पडणार?"

"कागद पडणार नाहीत. खासगी किल्ल्या तुमच्याच यंत्रांत राहतात, म्हणून आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. दोघांना थेट भेटता आले नाही आणि मजकूर त्याच्या सर्व्हरावरून गेला, तरी कूटबद्धच जातो. तुमची यंत्रे कोणती, आणि त्यांची गाठ केव्हा पडली, एवढे त्याला कळते."

"आणि या टोळीत आणखी एक यंत्र दाखल करण्याचा अधिकार कोणाचा?"

भाची थांबली. मग म्हणाली, "तुम्ही ज्या ईमेल खात्याने तेथे नाव नोंदवाल, त्या खात्याच्या धन्याचा. ते खाते ज्याच्या हाती पडले, त्याला नवे यंत्र दाखल करता येईल. त्यावर उपाय आहे; नव्या यंत्राला जुन्या यंत्राची सही लागेल असे ठरवता येते, आणि त्या ईमेल खात्यालाही दुसरी खूण लावता येते, दर तीस सेकंदांनी बदलणाऱ्या सहा आकड्यांची."

मामांनी तिसरी वाट नाकारली. त्यांचे म्हणणे असे, की ज्या मध्यस्थाशी आपला पत्रव्यवहार नाही, ज्याचा देश दुसरा, कायदा दुसरा, त्याच्याकडे नोंदवही ठेवण्यापेक्षा दोन पैसे अधिक देऊन स्वतंत्र पत्ता घ्यावा. भाचीला हा हट्ट वाटला. तिच्या मते घरगुती माणसाने स्वतः मांडलेली व्यवस्था बहुधा निष्काळजीपणाने बिघडते, आणि चांगला मध्यस्थ तिची निगा अधिक राखतो. येथे मी भाचीच्या बाजूचा आहे, पण सर्वांसाठी नव्हे. ज्याच्या घरी तिच्यासारखी भाची नाही अशा माणसाने मध्यस्थ घ्यावा. मामांच्या घरी ती होती. स्वतंत्र पत्ता घेतला गेला आणि वायरगार्डचे एकच पोर्ट, तेही अनोळखी माणसाला मुके, राखले गेले.

याच्या बदल्यात मामांनी जी अट घातली, ती मला सबंध वादातली सर्वोत्तम गोष्ट वाटते. ते म्हणाले, "मला तंजावरातून जेवढे लागणार तेवढेच तंजावरातून दिसावे. माझे बँकेचे कागद, घराची खते, आईची पत्रे, यांचे तेथे काय काम? ती मला स्वतःलाही दुरून दिसता कामा नयेत." भाचीने आजवर ज्यांना ज्यांना अशी सोय करून दिली, त्यांतल्या बहुतेकांनी 'सगळे दिसायला हवे' असा आग्रह धरला होता. तिने घरच्या यंत्रावर प्रवासापुरते निराळे खाते केले. त्याला छायाचित्रे फक्त वाचता येतील, सूचीत लिहिता येईल, आणि पलीकडे काही नाही. खाजगी कागद एका निराळ्या डिस्कवर गेले आणि ती डिस्क काढून कपाटात पडली. सूचीची नक्कल रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरावी आणि ती नक्कल या प्रवासी खात्याला पुसता येऊ नये, ही सूचना मात्र भाचीची.

विजेचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. पुण्यात वीज गेली, इन्व्हर्टर संपला, यंत्र बंद पडले, म्हणजे तंजावरचा माणूस काय करणार? शिवाय कूटबद्ध डिस्क सुरू होताना पासवर्ड मागते, आणि तो घालायला घरी कोणी नाही. भाचीने यावर केलेली तजवीज अशी: रास्पबेरी पाय नावाचे एक चिमुकले, नाममात्र वीज खाणारे यंत्र राउटरशेजारी कायम जागे राहील, वायरगार्डचे दार तेच सांभाळील, आणि मोठा संगणक एरवी निद्रिस्त असेल. मामांनी आज्ञा केली, की ते चिमुकले यंत्र घरच्या जाळ्यावर एक ठराविक हाक सोडील. एकाच आकड्याची सहा अक्षरे, आणि त्यांच्यामागून मोठ्या यंत्राच्या जाळेपट्टीचा क्रमांक सोळा वेळा. ती हाक ऐकून मोठे यंत्र जागे होते. त्याची मूळ प्रणाली विनापासवर्ड सुरू होईल, कागदांची डिस्क मात्र कूटबद्धच राहील, आणि तिचा पासवर्ड मामा आत शिरल्यावर त्या कूटबद्ध वाटेनेच देतील. रात्रंदिवस यंत्र चालू ठेवण्याविरुद्ध मामांची जी पहिली तक्रार होती, तिचेही निवारण यात आपोआप झाले.

प्रयोग घरी बसून करायचा नाही, असे भाचीने बजावले. घरच्या वायफायवर सगळेच चालते आणि परगावी गेल्यावर काहीच चालत नाही. म्हणून एका सकाळी आम्ही सारसबागेत बाकावर बसलो. लॅपटॉप फोनच्या मोबाइल डेटावर जोडला. आदल्या संध्याकाळी भाचीने घरच्या यंत्राच्या पडद्यावर त्याच्या ओळखकिल्लीचा ठसा मामांना दाखवला होता. एसएचए२५६ असे लिहून पुढे त्रेचाळीस रोमन अक्षरे. तो मामांनी चार-चार अक्षरांचे गट पाडून आपल्या खिशातल्या वहीत उतरवला होता, मोठी अक्षरे कोणती आणि लहान कोणती याच्या खुणांसकट. आता पडद्यावर प्रश्न आला, की या यंत्राची ओळख पटवता येत नाही, तरीही पुढे जायचे काय? बहुतेक लोक येथे डोळे मिटून 'यस' लिहितात, आणि मधल्यामध्ये कोणी तोतया उभा असेल तर त्याच्याच स्वाधीन होतात. भाचीने सांगितले, की होकाराच्या जागी तो ठसाच लिहून दिला तर लॅपटॉप स्वतः ताडून पाहतो. मामांनी चष्मा पुसला, वही गुडघ्यावर धरली, आणि एकेक अक्षर टिपू लागले. मोठा आय आणि लहान एल यांच्यात त्यांची एकदा गफलत झाली. यंत्राने तो ठसा स्वीकारला नाही. दुसऱ्या वेळी स्वीकारला. मोर्तब न पाहता पत्र अस्सल मानण्याची ज्यांना जन्मात सवय नाही, त्यांना यात कसलाही कंटाळा वाटला नाही. उलट सूची उघडल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती विद्यार्थ्याची कालची भर वाचून तीतली एक चूक काढण्याची.

"हाच ठसा पुढे कधी बदललेला दिसला, आणि यंत्र मोठा इशारा देऊ लागले," भाची म्हणाली, "तर कोणतीही युक्ती लढवून पुढे जायचे नाही. आधी मला फोन."

फोन किंवा लॅपटॉप हरवला तर काय, हेही तेथेच ठरले. प्रत्येक उपकरणाची किल्ली निराळी, म्हणून हरवलेल्या एकाचीच नोंद रद्द करता येते आणि बाकीची वाट चालू राहते. किल्लीला स्वतःचा सांकेतिक शब्द आहे, म्हणून ज्याच्या हाती लॅपटॉप पडेल त्याला ती लगेच वापरता येणार नाही. सहा आकड्यांची ती दुसरी खूण या वाटेलाही लावली आहे, आणि ती फोनमधल्या ॲपातच तयार होते. परदेशी गेलेल्या आपल्या पुष्कळ मंडळींना इकडच्या क्रमांकावरचा ओटीपी ऐन वेळी पोहोचत नाही तसे तिचे होत नाही. फोनच गेला तर लागणारे राखीव संकेतांक कागदावर छापून भाचीच्या आईकडे ठेवले आहेत.

मामांनी एक शेवटचा प्रश्न विचारला. "समज, तंजावरात लॅपटॉप चोरीला गेला, त्याची किल्ली तू येथून रद्द केलीस. मला एका नावाचा दाखला त्याच दिवशी हवा आहे. ग्रंथालयात कोणाचा तरी संगणक आहे, तो सज्जन माणूस मला वापरू देतो. त्यावरून घरच्या यंत्रात शिरू?"

"नाही."

"माणूस चांगला आहे."

"माणूस चांगला असेल, पण त्याच्या यंत्रात तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे काही बसले नसेल याची जामिनकी तो देऊ शकत नाही. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसणार. परक्या यंत्रावर आपली किल्ली नेली, पासवर्ड दाबला, की आपण बांधलेले सारे कूटलेखन त्या यंत्राच्या अलीकडेच संपले. विद्यार्थ्याला फोन करा. तो पाहून सांगेल."

"आणि तो नसला तर?"

"तर काम त्या दिवशी थांबेल, मामा."

मामांनी मान डोलावली. दुरून काम करण्याच्या बाजूने इतके दिवस भांडणाऱ्या मुलीच्या तोंडून काम थांबवण्याची भाषा ऐकेपर्यंत त्यांनी वायरगार्डच्या त्या एका पोर्टाला आपली पूर्ण संमती दिली नव्हती. "मग राहू दे ते पोर्ट," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या चेन्नईच्या गाडीचे आरक्षण तपासायला लागले.